उजेड नाही तर बुडी नाही

पारनेर मागे पडून बराच वेळ झाला होता, तरी लंकाबाई डोक्यावरच्या पाटीला मला हात लावू देत नव्हती. पाटीत भुसा, भुशात काचेची मोठी बरणी, बरणीशेजारी सुतळीचं शिंकं आणि दोराचं वेटोळं. मी पुन्हा म्हणाले, "द्या हो इकडे. चढ संपेपर्यंत तरी मी घेते."

"नगं वैनी. तुमच्या हातनं बरनी फुटली तर तुमी रडाल. माज्या हातनं फुटली तर म्या कुनाला बोलनार? तवा ऱ्हाऊ द्या माज्याच डोक्यावर."

एक हात पाटीला आणि दुसरा पोटाशी, अशी ती चालत होती. लुगड्याच्या ओच्यात काहीतरी बांधलेलं होतं आणि त्यावरचा हात ती काढत नव्हती. वाटेत ज्वारीच्या रानात खुरपणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. त्यातली एक लांबूनच ओरडली, "कितवा म्हैना गं बाई?"

"जुळं हाय!" लंकाबाईने चालता चालता उत्तर दिलं. "आन् दोगं बी भिंगारचं!"

बायका हसत सुटल्या. मला काही कळेना, तेव्हा तिने ओचा जरा सैल करून आत दाखवलं. जुन्या धोतराच्या फडक्यात वेगवेगळे गुंडाळलेले बॅटरीचे दोन सेल होते. आम्ही शिकलेली माणसं सेल म्हणतो. गावाकडे त्याला मसाला म्हणतात, आणि लंकाबाईच्या तोंडी तर मसालाच.

"थंडीचं दिस हायेत," ती म्हणाली. "मसाला गारठला की मानसागत आळसावतो. पोटाशी धरला की ऊब ऱ्हाते. मग हिरीवर गेल्यावर कुरकुर करत न्हाई."

लंकाबाईला मी घेऊन चालले होते त्याचं कारण असं. आमचं कुलदैवत खंडोबा. मार्गशीर्षात त्याचं नवरात्र बसतं. आमच्या घरी घट बसायच्या आधीच्या दिवसांत देव्हाऱ्यातले टाक पायविहिरीवर नेऊन चिंच-राखेने घासायची पद्धत आहे. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, तळहाताएवढेही नसतात. सासूबाई ते काम कुणाच्या हाती देत नाहीत. आम्ही निघालो त्याच्या आदल्या दिवशी त्या पायरीवर बसून देव धूत होत्या आणि खंडोबाचा टाक त्यांच्या ओल्या हातातून निसटून पाण्यात गेला. मी तेव्हा पारनेरला नणंदेकडे होते. गावातला बन्सी निरोप घेऊन आला, "काकूंनी सांगितलंय, आसाराम बुडीवाल्याला घेऊनच या. त्या कालपासनं जेवल्या न्हाईत."

टाकाच्या जागी सुपारी मांडूनही पूजा होते. शास्त्रालाही ते चालतं. पण सासूबाईंना ते कोण सांगणार? "देव खाली गाळात आणि मी वर नैवेद्य दाखवू?" असं त्या म्हणाल्याचं बन्सीने सांगितलं. उद्या सकाळी घट बसायचे होते.

आसाराम, म्हणजे लंकाबाईचा नवरा, घरी नव्हता, सुप्याला बहिणीकडे गेला होता. लंकाबाईने बन्सीला तसंच पुढे सुप्याला पिटाळलं, "त्यांना म्हनावं सरळ हिरीवर या, बॅटरी घिऊन म्या निगाले," आणि पाटी डोक्यावर घेतली. अशी आमची ती वाट सुरू झाली.

वाट लांब होती आणि लंकाबाईला बोलायला आवडत होतं. तिचं माहेर पाथर्डीच्या पलीकडचं, कोरड्या मुलखातलं. "आमच्या गावात हिरीत भांडं पडलं ना वैनी, तर शिडी लावून उतरायचं आन् उचलून आनायचं. बुडायचं कशात? बुडायला पानी नगं का? माजी सोयरीक झाली तवा बापानं इचारलं, पोरगा काय करतो? मदला मानूस म्हनला, पान्यात बुड्या मारतो. बाप म्हनला, म्हंजी तितं बुडन्याइतकं पानी हाय! मग काय इचारायचं, द्या पोरगी."

"मग?"

"मग काय, आले. पयल्या दिशी सासूनं हिरीवर नेलं. येवडं पानी बघून म्या पाया पडले. सासूला वाटलं, सून लई देवभोळी हाय."

आसाराम चांगला बुडीवाला. आजूबाजूच्या गावात कुठे घागर पडो, कळशी पडो, मोटेची चाकी पडो, त्याला बोलावणं यायचं. श्वास लांब आणि जिभेला हाड नाही. विहिरीवर माणसं जमली की त्याला आणखी चेव यायचा. पण विहिरीच्या तळाला दिवसाही काळोख असतो. गाळ हलला की हाताला हात दिसत नाही. हातांनी चाचपत शोधायचं, एवढंच.

"लगीन होऊन लई दिस झालं नव्हतं," लंकाबाई सांगू लागली. तिचा आवाज तेवढ्यापुरता खाली आला. "एका हिरीत मोटंचा जुना दोर, सोंदूर, तळाला पडल्याला. ह्यांचा पाय त्यात गुतला. वर म्या दोर धरून. दोर वडते तर येईना. वडते तर येईना. लोक म्हनत्यात, शोधत आसंल. शोधत कसला! वर आले तवा नाकातनं रगात आन् डोळं पांढरं. दिवस मावळस्तवर बोलले न्हाईत. आन् ह्यो मानूस न बोलता ऱ्हायला म्हंजी बगा किती बिगडलं आसंल."

"देवाने राखलं."

"व्हय, देवानंच. त्या दिशी म्या हिरीच्या काठावर शपत घातली. म्हनलं, आजपातुर गेलं ते गेलं. आता उजेड न्हाई तर बुडी न्हाई. ते हासले. म्हनले, पान्यात दिवा लावनार हाईस का तू?"

आणि तिने खरोखर पाण्यात दिवा लावला. त्याला काही वर्षं जावी लागली. मध्ये महायुद्ध आलं, आसाराम भिंगारच्या कॅम्पात हमालीला लागला, विहिरी सुटल्या. लंकाबाईला तेवढे दिवस बरे गेले. लढाई संपली, कॅम्पातलं काम संपलं, आणि निघताना जुन्या बाजारात मिलिटरीचा शिलकी माल विकायला आला होता त्यातून आसारामने एक पितळी बॅटरी, दोन मसाले आणि जामाची रिकामी बरणी आणली. बरणीचं तोंड एवढं रुंद, की आत बॅटरी उभी राहावी. बॅटरी पेटवून काच खाली करून बरणीत ठेवायची, झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची चकती घालायची, वरून मेण आणि राळ ओतून तोंड बंद करायचं. बरणी शिंक्यात घालायची आणि शिंक्याला खाली धोंडा बांधायचा, नाहीतर बरणी तरंगते. मग दोराने हळूहळू तळाला सोडायची. ही सगळी अक्कल दोघांची मिळून. धोंडा आसारामचा, शिंकं लंकाबाईचं.

"पयल्यांदा धोंडा बांदलाच न्हाई," ती म्हणाली. "बरनी बदकावानी पान्यावर डुलाय लागली. आख्खं गाव बघाया आल्यालं. एक म्हातारी म्हनली, आसाराम, दिवाळी पुडच्या म्हैन्यात हाय रं!"

आणि त्याच्याही आधी काय झालं ते तिने सांगितलं, तेव्हा हसून हसून मला वाटेत बसावं लागलं. आसारामने भिंगारहून आल्याआल्या पिशवी तिच्या हाती दिली आणि म्हणाला, "ह्यात मसाला हाय. दमट जागी ठिवू नगंस, बरनीत घालून ठिव." आणि झोपला. लंकाबाईने पिशवी उघडली. आत दोन नळकांडी. तिला वाटलं, मिलिटरीत मसाला असाच डब्यात बंद करून देत असतील. गरम मसाला खराब होऊ नये म्हणून आपण बरणीत हिंगाचा खडा टाकतो. तिनेही टाकला. वर जागा होती म्हणून लाल तिखटाची पुडीही ठेवली. दोन दिवसांनी आसारामने चार माणसांत ऐटीत बॅटरी जोडायला घेतली. फडकं झटकलं आणि एकेक जण शिंकू लागला. स्वतः आसाराम डोळे चोळत विहिरीपर्यंत गेला, आणि डोळे धुवायला पहिली उडी मारली ती बॅटरीशिवायच.

"ती बुडी म्या मोजत न्हाई," लंकाबाई म्हणाली. "ती डोळं धुयाची बुडी."

तेव्हापासून तिचं नाव पडलं 'मसालेवाली'. ती ते रागाने घेत नव्हती. पण त्या दिवसानंतर बॅटरीला आसारामनेही परवानगीशिवाय हात लावायचा नाही, असं तिने ठरवून टाकलं. मसाला तोच आणेल, पण जपणार ती. काम झालं की आधी बरणी उघडून मसाले बाहेर काढायचे. आत तसेच ठेवले की ते फुगतात, त्यांना चिकट पाणी सुटतं आणि पितळ खाऊन टाकतं. नवा मसाला जुन्याच्या जोडीला घालायचा नाही. "नव्या बैलाला म्हाताऱ्या बैलासंगट जुपलं तर नवा बी बसतो," ती म्हणाली. बरणीच्या तळाला भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवायची, म्हणजे आतली ओल तांदूळ पितो आणि गार पाण्यात गेल्यावर काचेवर धुकं येत नाही. बॅटरीच्या आतल्या पितळी पट्टीवर हिरवं चढलं की काचकागदाने घासायचं. लढाई संपली तरी मसाले सहज मिळत नव्हते. हे दोन तिने कितीतरी महिने पुरवले होते, कारण प्रत्येक बुडीला ते किती पेटले याचा तिला अंदाज होता.

"आता ह्येंच्यात जीव किती उरलाय?" मी विचारलं.

"आजच्यापुरता हाय. जास्ती इचारू नका, त्येंना ऐकू जातंय."

आम्ही गावात पोचलो तेव्हा दुपार कलत होती आणि विहिरीवर सगळं गाव होतं. आसाराम आमच्या आधी येऊन बसला होता. अंगाने काटक, मिशा मात्र पैलवानाच्या. तो पायरीवर बसून पाटलांना कुठल्याशा विहिरीतल्या माशाची गोष्ट सांगत होता आणि बोलण्याबरोबर मासा वाढत होता. आमचे पाटील काकासाहेब, जाडजूड आणि थट्टेखोर. लंकाबाईला पाहताच म्हणाले, "आली बघा मसालेवाली! काय गं, आज हिंग घातलास का नाही?"

"घातलाय ना पाटील. तुमी लांब बसा, तुमाला पित्त हुईल."

सासूबाई एका कडेला मान खाली घालून बसल्या होत्या. डोळे सुजलेले. मला पाहून नुसतं म्हणाल्या, "इंदू, आलीस का गं." एरवी त्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा.

लंकाबाईने पाटी उतरवली. मसाले फडक्यातून सोडून कुणीतरी दिलेल्या सुपात उन्हाला ठेवले, बरणी पुसली, आणि धोंडा बघायला विहिरीच्या मागे गेली. आमच्या मुलखात धोंड्यांना तोटा नाही, पण तिला बेताचा आणि बांधायला खाच असलेला हवा होता. तेवढ्यात सासूबाई उठल्या. घरातून आणलेलं पूजेचं तबक घेतलं. देवाला आणायला निघालेली वस्तू, तिची पूजा केल्याशिवाय पाण्यात कशी सोडायची? त्यांनी बॅटरीला हळदकुंकू वाहिलं, बरणीला वाहिलं, शिंक्याला वाहिलं. मग सुपातले दोन मसाले पाहिले. त्यांच्या डोक्यावर पितळी टोपी असते, ती त्यांना कपाळासारखी दिसली असावी. पाण्यात बोट बुडवून त्यांनी दोघांच्या टोपीवर ठसठशीत हळदकुंकू लावलं आणि हात जोडले. मी जवळच उभी होते. मलाही ते बरंच वाटलं.

आसाराम उतावीळ. "ऊन चाललंय, किती येळ लावती ही बाई!" म्हणत त्याने स्वतःच मसाले उचलून बॅटरीत सारले. कुंकू पाहून खूशही झाला. लंकाबाई धोंडा घेऊन आली तोवर बॅटरी पेटलेली होती.

"पिवळी का दिसती?" ती थांबली.

"उनात बघतीस म्हनून."

"तुमी हात का लावला?"

"आता काडून परत घालू का?"

सगळे घाई करत होते. तिने बॅटरी बरणीत उतरवली, तांदळाची पुरचुंडी ठेवली, मेण-राळ ओतली, सगळं तिच्या पद्धतीने. बरणी पाण्यात सोडली तेव्हा हिरव्या पाण्यातून एक फिकट गोळा खाली खाली जाताना दिसला आणि लहानथोर सगळे कठड्यावर वाकले. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. आसारामने कमरेला दुसरा दोर बांधला, खंडोबाचं नाव घेतलं आणि सूर मारला.

लंकाबाईच्या एका हातात उजेडाचा दोर, दुसऱ्यात नवऱ्याचा. तिची नजर पाण्यावर.

खालचा उजेड एकदा हलला. पुन्हा स्थिर झाला. मग गचके खाल्ल्यासारखा दोनदा लवला आणि विझला.

विहीर एकदम काळी झाली. लंकाबाईने आसारामच्या दोराला दोन हिसके दिले. ती त्यांची खूण होती, वर ये म्हणायची. दोर नुसता ताणला गेला आणि तसाच राहिला. तिने पुन्हा हिसके दिले. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. मला फक्त "आवं, आवं" एवढं ऐकू आलं. मी पदर खोचला. माझं माहेर पुणतांब्याचं, गोदावरीच्या काठचं. लहानपणी आम्ही मुली नदीतच वाढलो. आपण काय करणार आहोत हे मला ठाऊक नव्हतं, पण मी दोन पायऱ्या उतरले होते.

तेवढ्यात पाणी फुटलं आणि आसारामचं डोकं वर आलं. मिशांतून पाणी निथळत होतं.

"दिवा का मालवला गं? मला वाटलं निजायची येळ झाली!"

सगळे हसले. लंकाबाई हसली नाही. तिने त्याला हाताला धरून पायरीवर ओढलं, अंग चाचपलं आणि मग पाठीत एक धपाटा घातला. "दोर वडला तर कळत न्हाई?"

"आगं, दगडाच्या कपारीत काहीतरी चकाकलं. तितंच हात घालत हुतो. जागा बगितलीया म्या. आता उजेड नगं. ह्यो गेलो आन् ह्यो आलो."

"न्हाई."

"अगं लंकाबाई, जाऊ दे की त्याला," काकासाहेब म्हणाले. "जागा पाहिलीय म्हणतोय. उन्हं उतरली तर मग आजचं राहिलं. उद्या घट बसायचेत."

"पाटील, तुमी जाता का? दोर म्या धरते."

काकासाहेबांनी पोटावरून हात फिरवला आणि ते मागे सरले. लोकांत खसखस पिकली.

आसाराम दोर बांधायला लागला. लंकाबाईने दोराचं वेटोळं खाली टाकलं आणि ऐसपैस त्याच्यावरच बसली. "उजेड न्हाई तर बुडी न्हाई. आता ह्यो दोर पायजे तर मला हिरीत ढकला."

"देव वाट बघतोय लंका," सासूबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"काकू, देव पान्यात कितीबी येळ ऱ्हातो. मानूस न्हाई ऱ्हात."

सासूबाईंनीच मान हलवली आणि आसारामला म्हणाल्या, "बस रे. ती म्हणते ते ऐक."

बरणी वर घेतली. लंकाबाईने राळ खरवडून झाकण काढलं. काचेवर आत धुकं नव्हतं, पाणी शिरलेलं नव्हतं. तिने बॅटरीचं बूड फिरवून मसाले हातावर घेतले आणि तिचा हात तसाच राहिला. दोन्ही पितळी टोप्यांवर कुंकवाचे लालभडक ठिपके, खाली हळदीची कड. ओलं होतं तोवर कसंबसं पेटलं, सुकलं तशी त्याची खपली धरली आणि उजेड अडला.

"कुनी लावलं?"

"मी लावलं गं," सासूबाई म्हणाल्या. "का? लावू नये का?"

लंकाबाईने अंगठा उचलला आणि तो तिथेच थांबला. मग आम्हा सगळ्या बायकांच्या एकदमच ध्यानात आलं. कुंकू पुसायचं. तेही नवरा शेजारी ओला उभा, पुन्हा त्याच विहिरीत उतरायचा असताना.

"अगं नको," सासूबाई पुढे झाल्या. "तुझ्या हाताने नको पुसूस."

"मग कुनाच्या हातानं? तुमच्या?" लंकाबाई म्हणाली. सासूबाईंचे हात आपोआप मागे गेले. त्याही सवाष्णच. आसाराम पुढे सरला. तो म्हणाला, "मी पुसू?" आणि त्याबरोबर तीन-चार बायका त्याच्या अंगावर ओरडल्या.

लंकाबाई खाली मान घालून बसली होती. मग तिने एक मसाला तोंडाजवळ नेला, टोपीवर हळूच श्वास सोडला, कुंकू नरम झालं तसं बोटाच्या टोकाने उचललं आणि स्वतःच्या कपाळावर, आधीच्या कुंकवावरच, लावलं. उरलेलं पुन्हा उचललं, पुन्हा लावलं. टोपी मोकळी होईपर्यंत.

"पुसत न्हाई काकू," ती म्हणाली. "जाग्यावर लावते. चुकून मसाल्याकडं गेलं हुतं, ज्येचं त्येला."

दुसऱ्या मसाल्याचं कुंकू तिने सासूबाईंच्या कपाळी लावलं आणि बोटाला राहिलं ते माझ्या. हळद आसारामच्या कपाळावर ओढली. सासूबाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या हसू लागल्या. दोन दिवसांत पहिल्यांदा. "मेली मी तरी कशी! मसाल्याला कुंकू लावलं!"

"आवं काकू, म्या हिंग लावला हुता. तुमचं बरं, निदान शिंका तरी आल्या न्हाईत."

मग तिने काचकागदाने दोन्ही टोप्या घासल्या, आतली पितळी पट्टी घासली, फुंकून धूळ काढली. मसाले घातले. बूड फिरवलं. बॅटरी पेटली ती पांढरी, लख्ख. आसारामने तोंड उघडलं, तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, त्याने मिटलं. बरणी पुन्हा बंद झाली आणि पाण्यात गेली. आता तळापर्यंत तिचा उजेड दिसत होता, कपारीचे दगडसुद्धा.

आसाराम गेला आणि आला. वर येताना त्याचा एक हात आधी आला, मुठीत चांदी. "उतानं पडले हुते," तो धापा टाकत म्हणाला. "माज्याकडंच बगत हुते. म्हनलं, चला देवा, काकू जेवल्या न्हाईत."

सासूबाईंनी दोन्ही हातांची ओंजळ केली. कुणीतरी भंडारा उधळला, येळकोट येळकोट जय मल्हार झालं, काकासाहेबांच्या पांढऱ्या पागोट्याचं पिवळं पागोटं झालं. देव घरी निघाले. मागून सगळं गाव.

लंकाबाई मात्र विहिरीवरच बसली होती. मला सासूबाईंनी तिला जेवायला आणायला पाठवलं. ती बॅटरी उघडून मसाले पुसत होती, एकेक वेगळ्या फडक्यात गुंडाळत होती. आसाराम वर झाडाखाली जमलेल्या पोरांना सांगत होता की तळाला देव त्याच्याशी काय बोलले.

"चला, पानं वाढलीत," मी म्हणाले. "सासूबाई तुमच्याशिवाय बसत नाहीत."

"आले. आदी ह्येंना पुसते. ह्ये बी दमल्यात." मग तिने गाठ मारली, ओच्यात ठेवलं आणि पाण्याकडे पाहत राहिली. "वैनी, मगाशी तुमी पायऱ्या उतरलात. म्या बगितलं."

"काय करणार होते देव जाणे."

"काय करनार म्हंजी? उडी टाकनार हुता. तुमाला पवता येतं." तिने ओच्यातली गाठ चाचपली. "म्या येवडी वरसं मसाला जपला. कंदी दगा दिला न्हाई त्येनं. पन आज त्यो इझला आन् म्या काठावर दोर धरून बसले. दोर वडायचा, न्हाई आला तर परत वडायचा. दुसरं काय करू? बुडीवाल्याची बायकू म्या, आन् मला गुडग्याच्या वर पानी आलं की भोवळ येती. हासू नका."

"नाही हसत."

तिने वर झाडाकडे एकदा पाहून घेतलं, आसारामचं लक्ष नाही असं बघून माझ्या अगदी जवळ सरकली आणि माझं मनगट धरलं.

"ह्यांना सांगू नका. साऱ्या तालुक्यात दवंडी पिटतील. पन म्या दर बाजारच्या आदल्या दिशी हिकडं येत जाईन, कायतरी निमित काडून. बाया धुनं धुऊन गेल्या की दुपारच्याला हितं कोन नसतं. मला पवायला शिकवा, वैनी. कमरंला दोर म्या घिऊन येते, धरायचं काम तेवडं तुमी करा."